नागपूरहून क्रूझ: दोन रात्रींची नको, चार-पाच रात्रींची घ्या

सीताबर्डी-धरमपेठेतल्या ट्रॅव्हल एजंटांकडे क्रूझ म्हटले की बहुतेक वेळा दोन पर्याय पुढे येतात. मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपला जाणारे कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’, नाहीतर सिंगापूरहून पेनांग, फुकेतकडे जाणारी ‘जेंटिंग ड्रीम’सारखी मोठी जहाजे. दोन्हींच्या जाहिरातींत डेक, पूल आणि सूर्यास्त सारखाच दिसतो. प्रत्यक्षात या दोन वेगवेगळ्या वस्तू आहेत. आमचे मत आधीच सांगतो. आजी-आजोबा, आई-वडील आणि मुले अशी तीन पिढ्यांची मंडळी असतील तर मोठ्या जहाजाइतकी सोयीची सुट्टी दुसरी नाही. गावे, बाजार, देवळे निवांत बघायची हौस असेल तर मात्र ही सुट्टी तोकडी पडते. आणि नागपूरहून निघणाऱ्याने दोन रात्रींचे पॅकेज घेऊच नये.

कारण साधे आहे. मुंबईचे बंदर आपल्यापासून रेल्वेने आठशे किलोमीटरहून जास्त आहे. शुक्रवारी संध्याकाळी सुटून रविवारी सकाळी परतणारी सफर धरा. तिच्यासाठी गुरुवारची रात्र गाडीत, रविवारचा दिवस मुंबईत आणि रविवारची रात्र पुन्हा गाडीत. म्हणजे घराबाहेर चार रात्री आणि जहाजावर जेमतेम चाळीस तास. त्यातले पहिले तीन-चार तास चेक-इन, खोली मिळणे आणि सुरक्षा कवायत (आणीबाणीत कुठे जमायचे याचा सराव) यांत जातात. शेवटच्या सकाळी नाश्ता होतो न होतो तोच खोली रिकामी करायला सांगतात. प्रवासाचा खर्च तेवढाच ठेवून सफर दोन रात्रींनी वाढवली, तर प्रत्येक मोकळा दिवस बराच स्वस्त पडतो.

मुंबईसाठी नागपूरहूनच सुटणारी दुरांतो किंवा गोंदियाहून येणारी विदर्भ एक्सप्रेस घ्यावी. दोन्ही सकाळी सीएसएमटीला पोचतात आणि तिथून बॅलार्ड पियर, म्हणजे क्रूझचा धक्का, दोनेक किलोमीटरवर आहे. हावड्याकडून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाडीवर जहाजाचा दिवस बेतू नका, त्या आपल्याकडेच उशिरा येतात. सिंगापूरचा बेत असेल तर मुंबई, दिल्ली किंवा बंगळुरूला विमान बदलावे लागते, म्हणून जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी सिंगापूरला पोचलेच पाहिजे. एका हॉटेलच्या रात्रीचे पैसे वाचवायला गेलात आणि जोडविमान चुकले, तर जहाज थांबत नाही आणि भाडेही परत मिळत नाही.

आता जहाजाचा आकार. जाहिरातीतला ‘टनेज’चा आकडा हा वजनाचा नसतो, आतल्या बंदिस्त जागेचा असतो. त्याला प्रवासीसंख्येने भागले की माणशी किती जागा मिळते याचा अंदाज येतो. जेंटिंग ड्रीम सुमारे १,५०,७०० टनांचे, एका खोलीत दोघे धरून ३,३५२ प्रवाशांचे. भागाकार ४५ च्या आसपास. ‘एम्प्रेस’ १९९० चे जहाज, सुमारे ४८,५०० टनांचे. १,८०० प्रवासी धरले तर २७. जगातल्या सर्वात मोठ्यांपैकी ‘आयकॉन ऑफ द सीज’ २०२४ मध्ये सेवेत आले. ते २,४८,६६३ टनांचे आहे आणि दोघांच्या हिशेबाने तिथे ५,६१० प्रवासी असतात, म्हणजे ४४. पण शाळांच्या सुट्ट्यांत खोल्यांमधले तिसरे-चौथे बिछानेही भरतात. तीच संख्या ७,६०० वर गेली की भागाकार ३३ वर येतो. म्हणून मोठे जहाज म्हणजे मोकळे जहाज असे समजू नका. गर्दी नेमकी तीन ठिकाणी टोचते: नाश्त्याच्या वेळचे बुफे, बंदरात पोचल्यावरच्या लिफ्ट आणि पूलकाठच्या आरामखुर्च्या. नाश्त्याला आठच्या आत जा किंवा वाढून देणाऱ्या मुख्य भोजनगृहात बसा. आमचा सल्ला दुसऱ्या पर्यायाचा.

खोली निवडताना मजल्याच्या उंचीला भुलू नका. जहाज सी-सॉसारखे डोलते. टोकांना आणि वरच्या मजल्यांवर हेलकावे जास्त, लांबीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर कमी. ज्यांना ताम्हिणी किंवा चिखलदऱ्याच्या वळणांवर मळमळते त्यांनी मध्यावरचीच खोली मागून घ्यावी. डेकचा नकाशा संकेतस्थळावर असतो, तो उघडून खोलीच्या वर आणि खाली काय आहे ते बघा. डोक्यावर पूल किंवा बुफे असेल तर पहाटे पाचपासून खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो. खाली नाट्यगृह असेल तर रात्री अकरापर्यंत ढोल ऐकू येतात. वर-खाली दोन्हीकडे खोल्याच असलेली खोली सर्वात शांत. ‘गॅरंटी’ नावाची स्वस्त खोली घेतली तर क्रमांक कंपनी ठरवते आणि हा सगळा अभ्यास वाया जातो. बाल्कनीचे जादा पैसे ज्येष्ठांसाठी द्यावेत, कारण दिवसभर वर-खाली न करता त्यांना समुद्र बघता येतो. तरुणांना बिनखिडकीची खोली पुरते, झोपण्यापलीकडे तिथे कोणी थांबत नाही.

जेवण हा अनेक नागपूरकरांचा पहिला प्रश्न असतो. भारतातून आणि सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांवर भारतीय शाकाहारी जेवण मिळते, जैन जेवणही मिळते; मात्र ते बुकिंगच्या वेळी लेखी नोंदवा, जहाजावर चढून मागितले तर पहिले दोन दिवस साध्या भात-डाळीवर निघतात. तर्री-पोह्यांची सवय असलेल्या जिभेला बुफेतली करी फिकीच लागेल. घरचे डबे आणि शिजवलेले अन्न चढू देत नाहीत. कारखान्यात बंद केलेली चिवड्याची किंवा संत्रा बर्फीची पाकिटे सहसा चालतात. ताजी संत्री मात्र परदेशी बंदरावर उतरवू नका, अनेक देशांत फळे नेण्यावर निर्बंध असतात. इस्त्री, विजेची किटली, मेणबत्त्या बंदरावरच काढून घेतात.

खरा घोळ होतो तो पैशांत. छापलेले भाडे माणशी असते आणि खोलीत दोघे आहेत असे धरून असते. एकट्याने गेलात तर बहुतेक वेळा दुसऱ्याचेही जवळपास पूर्ण भाडे भरावे लागते. त्यावर बंदर शुल्क आणि कर. आंतरराष्ट्रीय कंपन्यांवर ‘ग्रॅच्युइटी’, म्हणजे सेवकांची बक्षिसी, दररोज माणशी साधारण १५ ते २० डॉलर आपोआप खात्यावर पडते, लहान मुलांचीसुद्धा. १६ डॉलर धरले तरी चौघांचे चार रात्रींचे २५६ डॉलर होतात. एजंट हा आकडा स्वतःहून क्वचितच सांगतो. शीतपेये, मद्य, खास उपाहारगृहे, वाय-फाय, किनाऱ्यावरच्या सहली हे सगळे वेगळे. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर, हाही कापला जातो. तो आयकर विवरणपत्र भरताना वळता करता येतो, म्हणून पावती सांभाळा. एजंटाकडून ‘सगळे धरून’ असा तोंडी आकडा घेऊ नका, भाडे, बंदर शुल्क, कर आणि बक्षिसी अशा चार ओळी वेगवेगळ्या लिहून मागा.

मोबाइल जहाजावर पाय ठेवताच एअरप्लेन मोडवर टाका. किनारा सुटला की फोन जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला आपोआप जोडला जातो आणि साध्या रोमिंग पॅकमध्ये ते बहुतेक वेळा धरलेले नसते. व्हॉट्सॲपवर चार फोटो गेले तरी बिल हजारोंत जाऊ शकते.

सिंगापूरच्या सफरीत व्हिसा ‘मल्टिपल एंट्री’च हवा, कारण जहाजाने देश सोडून पुन्हा त्याच देशात शिरायचे असते. पासपोर्टची मुदत परतीनंतर किमान सहा महिने शिल्लक हवी, मुलांचे पासपोर्ट पाच वर्षांतच संपतात हे विसरले जाते. मुंबई-गोव्यासाठी पत्ता असलेल्या ओळखपत्राची मूळ प्रत न्या. पॅन कार्डवर विसंबू नका.

बंदरावरचा वेळ कागदावर आठ तास दिसतो, हातात पाच येतो. उतरायची रांग, बस, आणि सुटण्याच्या तासभर आधी परत येण्याची सक्ती. फुकेतला आणखी एक खोच आहे. थायलंडचे घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे असते. जहाज सिंगापूरच्या वेळेवर चालत असेल आणि फोनने थायलंडची वेळ दाखवली, तर तुम्हाला एक तास हाताशी आहे असे वाटते आणि जहाज सुटून जाते. मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबते, स्वतः केलेल्या टॅक्सीसाठी नाही. लक्षद्वीपला मोठे जहाज धक्क्याला लागत नाही, लहान होड्यांतून उतरवतात. लाट मोठी असेल तर उतरणेच रद्द होते. चाकांची खुर्ची वापरणाऱ्यांना तिथे फार त्रास होतो, त्यांनी धक्क्याला लागणारी बंदरेच निवडावीत.

मे महिन्यात नागपूर तापते तेव्हा सगळ्यांना समुद्र आठवतो, पण मेअखेरपासून सप्टेंबरपर्यंत अरबी समुद्र खवळलेला असतो. मुंबईची सफर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. उन्हाळ्यातच जायचे असेल तर सिंगापूर, कारण मलाक्काची सामुद्रधुनी सुमात्रा बेटाच्या आडोशाला असल्याने एरवी बरीच शांत असते. मळमळीची गोळी उलटी सुरू झाल्यावर नाही, जहाज सुटण्याआधी घ्यायची असते. झोप येते, तेव्हा आपल्या डॉक्टरांना विचारून न्या. हात साबणाने धुवा. जहाजांवर पसरणाऱ्या नोरोव्हायरसवर दाराशी ठेवलेले सॅनिटायझर पुरेसे काम करत नाही. जहाजावर दवाखाना असतो, पण बिल परदेशी खाजगी रुग्णालयाचे असते. घरच्या आरोग्य विम्यात ते सहसा बसत नाही, प्रवास विमा वेगळा काढा.

सुरक्षा कवायत टाळू नका. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून ३२ जण गेले, तेव्हा नुकत्याच चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतरच ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घेण्याचा नियम झाला. आजी-आजोबांना त्यांचे जमायचे ठिकाण प्रत्यक्ष चालत नेऊन दाखवा, लिफ्टने नाही, जिन्याने.

चढताना मोठ्या बॅगा बंदरावरच घेतात आणि त्या खोलीत यायला संध्याकाळ होते, म्हणून औषधे, कागदपत्रे आणि मुलांचे पोहायचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. सकाळी घालायचे कपडे आणि चपला आधी बाजूला काढा. परतीचे विमान दुपारी एकच्या आधीचे घेऊ नका. मुंबईहून परतत असाल तर रात्रीची दुरांतो निवांत मिळते.