ऑनलाइन कोर्स: काही महिने वापरल्यावर काय टिकतं, काय अडतं

निकाल आधीच सांगून टाकलेला बरा. ऑनलाइन कोर्समध्ये सर्वांत देखणा भाग व्हिडिओचा, आणि शिकण्याच्या दृष्टीने सर्वांत कमकुवतही तोच. काही महिन्यांनी जे डोक्यात उरतं, ते बहुतेक क्विझ, असाइनमेंट आणि मुदती यांनी करून घेतलेलं असतं. म्हणून कोर्स निवडताना व्हिडिओचे तास मोजू नका, सराव किती आणि तो कोण तपासणार ते बघा.

ही पद्धत व्हिडिओतून जन्मलेलीच नाही. १९६० मध्ये इलिनॉय विद्यापीठात सुरू झालेल्या प्लेटो यंत्रणेत धडा पडद्यावर यायचा, विद्यार्थी कळा दाबून उत्तर द्यायचा आणि संगणक ते तपासायचा. एमआयटीने २००१ मध्ये आपलं अभ्याससाहित्य मोफत खुलं करायचं जाहीर केलं. साहित्य उत्तम, पण उत्तर तपासायला पलीकडे कुणी नाही. २०११ मध्ये सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांच्या स्टॅनफर्डमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कोर्समध्ये छोटे व्हिडिओ आणि प्रश्न एकत्र आले. नोंदणी सुमारे १ लाख ६० हजार, पूर्ण करणारे वीस हजारांहून थोडे जास्त. गळतीचं हे चित्र आजही फारसं बदललेलं नाही.

व्हिडिओबद्दल थोडक्यात. सहा मिनिटांपर्यंतचा बहुतेक लोक नीट बघतात, पुढे लक्ष सुटतं. नेट मंद असेल तर गुणवत्ता 'ऑटो'वर ठेवा: व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो आणि प्रत्येक तुकड्यागणिक प्लेअर वेग बघून दर्जा ठरवतो. ५०० केबीपीएस दराने तासाला साधारण २२५ एमबी लागतात. स्लाइडवरची बारीक अक्षरं मात्र कमी दर्जात वाचता येत नाहीत, तेव्हा पीडीएफ वेगळी उतरवून घ्यावी. उजळणीला व्हिडिओपेक्षा लिखित प्रत बरी. तिच्यात शब्द शोधता येतो.

खरा मनस्ताप प्रगतीच्या नोंदीचा. धडा पूर्ण केला, तरी पट्टी ६० टक्क्यांवरच अडलेली. कंपन्यांच्या प्रशिक्षणात हे सर्रास दिसतं, कारण तिथले बरेच कोर्स अजून स्कॉर्म १.२ या जुन्या मानकातले (कोर्सने सर्व्हरशी कसं बोलायचं याचे ठरलेले नियम) असतात. त्यात कोर्स स्वतःच सर्व्हरला कळवतो की माणूस कुठवर पोचला. टॅब तसाच बंद केला, तर हा शेवटचा निरोप पोचायचा राहतो; म्हणून कोर्समधलं 'बाहेर पडा' बटण दाबूनच निघावं. कोर्स दोन टॅबमध्ये उघडला, तर एकाची नोंद दुसऱ्यावर लिहिली जाते. जेवायला उठलात आणि तेवढ्यात लॉगिन संपलं, तर स्लाइड पुढे सरकत राहतात पण नोंद होत नाही, आणि स्क्रीनवर त्याचा मागमूसही नसतो. आणखी एक गोम म्हणजे 'कुठे थांबलो' ही माहिती ठेवायला या मानकात ४०९६ अक्षरांचीच जागा आहे. लांबलचक कोर्समध्ये ती भरते आणि पुढच्या वेळी कोर्स भलत्याच ठिकाणी उघडतो. यावर वापरणाऱ्याच्या हाती काही नाही. बनवणाऱ्याने कोर्सचे तुकडे करावेत, नाहीतर स्कॉर्म २००४ची चौथी आवृत्ती वापरावी. तिच्यात ६४ हजार अक्षरं मावतात.

क्विझ लगेच तपासली जाते, पण यंत्र अक्षरशः वाचतं. दशांशाची किती ठिकाणं हवीत, एकक लिहायचं की नाही, हे सूचनेत नसेल तर बरोबर उत्तरही चूक ठरतं. व्हिडिओ संपताच क्विझ सोडवली की गुण छान मिळतात, पण ती ताज्या आठवणीची कमाई. दुसऱ्या दिवशी, टिपणं मिटून सोडवा. गुण घसरतील, पण नक्की काय येत नाही ते कळेल. चुकलेल्या पर्यायाखाली कारण देणारी क्विझ असेल तर तो कोर्स धरून ठेवावा, अशा फार नसतात.

लेखी कामं सहाध्यायी एकमेकांची तपासतात. निकष 'मांडणी चांगली आहे का?' असे ढोबळ असले, की पूर्ण गुण आणि 'छान' एवढाच शेरा पदरी पडतो. 'तीन कारणं दिली आहेत का?' असे मोजता येणारे निकष असले, तर ही पद्धत बऱ्यापैकी चालते. काम मुदतीच्या एक-दोन दिवस आधी टाकावं. उशिरा टाकलं तर तपासणारेच उरत नाहीत आणि निकाल रखडतो.

सॉफ्टवेअर शिकवणारे कोर्स लवकर शिळे होतात: व्हिडिओतला मेनू आणि तुमच्या स्क्रीनवरचा मेनू जुळेनासा होतो. आधी शेवटच्या अद्यतनाची तारीख आणि चर्चेच्या पानावर शिक्षकाचं शेवटचं उत्तर कधीचं आहे ते बघा. नोंदणीच्या वेळी आणखी दोन गोष्टी तपासा: मोफत पर्यायात गुण मिळणाऱ्या असाइनमेंट कुलूपबंद आहेत का, आणि कोर्स किती काळ उघडा राहणार. मुदत संपली की तुमची स्वतःची उत्तरंही दिसेनाशी होऊ शकतात, तेव्हा ती आधीच उतरवून ठेवावीत.