सायरॅट्स: भ्रम मोजायच्या स्केलचा काही महिन्यांचा अनुभव

भ्रमाच्या, म्हणजे मनात घट्ट बसलेल्या खोट्या समजुतीच्या, रुग्णांच्या फाइलमध्ये आमच्याकडे दोनच शेरे दिसायचे, 'भ्रम कायम' किंवा 'भ्रम कमी'. पान्स ही स्किझोफ्रेनियाची लक्षणं मोजायला सगळीकडे चालणारी स्केल, पण तिच्यातही भ्रमाला एकच बाब आहे, 1 ते 7 गुणांची. म्हणून गेल्या पावसाळ्यापासून सायरॅट्स वापरायला घेतली. हॅडॉक आणि सहकाऱ्यांनी ती 1999 साली प्रसिद्ध केली. 17 बाबींपैकी 11 कोणी बोलत नसताना कानात ऐकू येणाऱ्या आवाजांच्या, 6 भ्रमाच्या. मी लिहितेय ते या सहांबद्दल.

विचार किती वेळा येतो, आला की किती वेळ टिकतो, खात्री किती, त्रास किती वेळा, त्रास किती तीव्र, आणि रोजच्या जगण्यात अडथळा किती. प्रत्येकाला 0 ते 4. कागद रुग्णाच्या हातात द्यायचा नाही, गप्पांच्या ओघात विचारायचं आणि गुण आपण द्यायचे.

हिचं खरं मोल मला एका शेतकरी रुग्णामुळे पटलं. भावकीनं करणी केलीय, जेवणातून काहीतरी घालतात, असं त्यांचं म्हणणं. सुरुवातीला 24 पैकी 22 गुण. औषधं सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी विचारलं तर करणीची खात्री तशीच, पूर्ण 4. पण विचार आता दिवसातून एखाद्या वेळी यायचा, काही मिनिटांत जायचा. बायकोच्या हातचं जेवत होते, रानात जात होते. बेरीज 12 वर आली होती. जुन्या पद्धतीनं 'भ्रम कायम' एवढंच लिहिलं असतं, तर डोस वाढवायची चर्चा नक्की झाली असती. खात्री सगळ्यात शेवटी हलते, हे नंतरही बऱ्याच रुग्णांत दिसलं. म्हणून नुसती बेरीज लिहू नका, सहाही आकडे लिहा.

खात्री टक्क्यांत विचारायची असते आणि वयस्कर माणसं तिथे अडतात. मी रुपयात किती आणे ते विचारते. 'चौदा आणे' असं उत्तर झटकन येतं आणि उरलेल्या दोन आण्यांवर बोलणं सुरू करता येतं.

दोष आहेत. खात्रीच्या बाबीत 50 ते 99 टक्क्यांना एकच गुण, 3. पंचावन्नवर आलेला माणूस आणि पंचाण्णववर अडकलेला माणूस कागदावर सारखेच! त्यामुळे रुग्णानं सांगितलेला आकडा मी समासात वेगळा लिहून ठेवते. दुसरं, करणीवर अख्ख्या घराचाच विश्वास असेल तर काय, हे ही स्केल विचारत नाही. त्यासाठी नातेवाइकांशी स्वतंत्र बोलावंच लागतं. आपलं चुकत असेल असं रुग्णाला कधी वाटतं का, इतरांना याबद्दल काय वाटतं असं तो समजतो, हेही इथे नाही. ते हवं असेल तर 1998 ची ब्राउन स्केल बघा. तिच्यात सात बाबी आहेत आणि ओसीडीच्या (तेच तेच विचार आणि कृती थांबवता न येण्याच्या आजाराच्या) रुग्णांनाही ती चालते.

आणि जो रुग्ण आपल्याकडेच संशयानं बघतोय, त्याच्यावर पहिल्याच भेटीत ही वापरू नका. तो काहीच सांगत नाही, सगळीकडे शून्यं पडतात. पुढे विश्वास बसून तो मोकळेपणानं बोलायला लागला की खरे गुण येतात आणि फाइल वाचणाऱ्याला वाटतं, आजार वाढला.