टाकीत उतरण्याआधी: कंदील की गॅस मीटर?

आतली हवा तपासायला दोरीला कंदील बांधून गाळाच्या बंद टाकीत सोडायचा, विझला नाही तर उतरायचं, ही जुनी रीत. पण ज्योत साधारण १६ टक्के ऑक्सिजनपर्यंत तग धरते; माणसाला १९.५ तरी हवा. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तिला कळतच नाही, आणि मिथेन साठला असेल तर कंदीलच स्फोट घडवतो. नाकावरही भिस्त नको: हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांसारखा वास १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास येईनासा होतो.

चार गॅसचा मीटर (ऑक्सिजन, पेट घेणारे वायू, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड मोजणारा) महाग पडतो, वेळोवेळी कॅलिब्रेशन, म्हणजे आकडे बरोबर येतात का याची जुळणी, मागतो. तरी माझं मत त्यालाच. आधी मोकळ्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के दाखवतो का बघा, मग मीटरची नळी टाकीत वर, मध्ये आणि तळाशी सोडून प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं थांबा. गाळ ढवळला की आकडे झरझर बदलतात, म्हणून माणूस आत असेपर्यंत मीटर त्याच्या छातीवर चालूच हवा.