‘टेस्टेड’ एफपीसी अडॅप्टर आणि ‘प्युअर कॉपर’ रिबन: घेण्याआधी हे वाचा

काम साधं होतं. एका बोर्डवरच्या 24 पिनांच्या एफपीसी (चपट्या लवचीक केबलच्या) सॉकेटमधले सिग्नल ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता जोडणी करायच्या भोकांच्या पाटावर, आणायचे. त्यासाठी ऑनलाइन मागवलं: 0.5 मिमी पिचचे (शेजारच्या दोन पिनांमधलं अंतर) पाच अडॅप्टर (‘कनेक्टर सोल्डर केलेला, टेस्टेड’), 20 सेंमीच्या पाच एफएफसी (चपट्या पट्टीसारख्या) केबल आणि पुढच्या जोडणीसाठी 28 गेजची (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप) ‘प्युअर कॉपर’ रंगीत रिबन. तिन्हीत फसवणूक निघाली, आणि तिन्हीची तऱ्हा वेगळी.

अडॅप्टर वरून चकाचक. दहापट भिंग लावल्यावर कळलं की कनेक्टर जुन्या बोर्डांवरून हॉट एअरने उपटलेले आहेत. लॅचचं (केबल धरणाऱ्या खिट्टीचं) प्लास्टिक कडेला भाजून तपकिरी झालेलं, बाजूच्या पत्र्याच्या कानांवर आधीच्या सोल्डरचा जाड थर, पिनांच्या मध्ये चिकट फ्लक्स (सोल्डरिंगला लावतात ते रसायन). दोन बोर्डांवर 7 आणि 8 नंबरच्या पिना सोल्डरने जोडल्या गेलेल्या, एकावर 19 नंबरची पिन पॅडला टेकलेलीच नाही. उरलेल्या दोघांचे लॅच इतके सैल की केबल बोटाने अलगद बाहेर येते. ‘टेस्टेड’चा स्टिकर मात्र पाचही पिशव्यांवर!

केबलीत लबाडी अशी की ‘सेम साइड’ मागवून ‘ऑपोझिट साइड’ आल्या. सेम साइडमध्ये दोन्ही टोकांच्या उघड्या पट्ट्या एकाच बाजूला असतात, ऑपोझिटमध्ये एक वर, एक खाली. कनेक्टरला पट्ट्या एकाच बाजूने लागत असतील तर चुकीची केबल नुसती चालत नाही, नुकसान तेवढंच. पण मग माणूस टोक उलटं करून बसवतो, आणि 1 नंबरच्या जागी 24 नंबर येतो. रास्पबेरी पायच्या 15 पिनांच्या कॅमेरा सॉकेटमध्ये 1 ला ग्राउंड आणि 15 ला 3.3 व्होल्ट असतात. तिथे क्रम उलटला म्हणजे पुरवठाच उलटा. त्यामुळे पॉवर देण्याआधी मल्टिमीटरचा बीपर लावून अडॅप्टरवर छापलेला नंबर आणि समोरच्या सॉकेटची पिन यांचा तक्ता करायचाच. शेजारशेजारच्या पिना एकमेकींशी बीप देत नाहीत ना, हेही 23 वेळा तपासायचं. कंटाळवाणं आहे, पण दहा मिनिटांचं काम.

पिच मोजायला कॅलिपर पुरे. 0.5 मिमीच्या 24 पिनांच्या केबलची रुंदी 12.5 मिमी असते (पिना अधिक एक, गुणिले पिच). 1.0 मिमीची 12 पिनांची केबल 13 मिमी, म्हणजे फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. विक्रेत्याच्या फोटोवर भरवसा ठेवू नका, पट्ट्या मोजा.

अडॅप्टरच्या दोन हेडर ओळींमधलं (ब्रेडबोर्डमध्ये घुसणाऱ्या पिनांच्या ओळी) अंतरही विचारून घ्या. 22.86 मिमी असेल तर ब्रेडबोर्डवर दोन्ही बाजूंना एकेक भोक मोकळं राहतं, 25.4 असेल तर एका बाजूला वायर घालायला जागाच नाही. आणि दोन ओळी शेजारी असलेलं आयडीसी (रिबन केबलच्या जोडाचं) हेडर तर ब्रेडबोर्डवर घालूच नका, समोरासमोरच्या पिना आतून जोडलेल्या त्याच पाच भोकांच्या पट्टीत शॉर्ट होतात.

सगळ्यात महागात पडते ती रिबन, कारण तिचा दोष महिन्याभराने दिसतो. आतली तार ॲल्युमिनियमची किंवा लोखंडाची, वर तांब्याचा मुलामा. क्रिंपपाशी (दाबून बसवलेल्या जोडापाशी) दोन-चारदा वाकवली की तुटते आणि डिस्प्ले मध्येच बंद-चालू होतो. दोष मात्र कोडमध्ये शोधला जातो. पारख सोपी आहे. चुंबकाला चिकटली तर लोखंड. कापलेलं टोक भिंगाखाली तांबूस दिसायला हवं, चंदेरी नको. 28 गेजच्या खऱ्या रिबनच्या प्रत्येक वायरमध्ये बहुधा सात बारीक तारा असतात, त्या मोजा. साधा मल्टिमीटर इतका कमी रेझिस्टन्स नीट दाखवत नाही, म्हणून रिबनमधल्या एका वायरच्या एक मीटर तुकड्यातून 0.5 अँपिअर करंट सोडा आणि त्याच्या दोन टोकांवरचे मिलिव्होल्ट वाचा. तांबं असेल तर साधारण 107. आमच्या तुकड्यात 160 च्या वर आले.

परताव्याला उत्तर ठरलेलं: ‘तुम्ही सोल्डरिंग केलंत, माल परत घेत नाही.’ म्हणून तपासणी पूर्ण होईपर्यंत सोल्डरिंग आयर्न लावू नका आणि पाकीट फोडतानाचा व्हिडिओ ठेवा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही. तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. तिथेही दाद मिळाली नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी घेत असाल तर चुंबक आणि भिंग खिशात न्या. ऑनलाइन घेत असाल तर ऑर्डरीआधी एवढं लिहून पाठवा आणि उत्तर जपून ठेवा: ‘कनेक्टर नवीन आहे का? बॉटम कॉन्टॅक्ट की टॉप (केबलच्या पट्ट्या खालून लागतात की वरून)? हेडर ओळींमधलं अंतर किती मिमी? केबल सेम साइड का? तार आतून पूर्ण तांब्याची का?’