टॅब दमवून बघा, मग घ्या

दुकानात मांडलेला नवा टॅब झकासच चालतो. स्टोरेज रिकामं, मागे एकही ॲप चालू नाही, बॅटरी भरलेली. अशा टॅबवर दोन मिनिटं होमस्क्रीन डावी-उजवीकडे सरकवून 'एकदम स्मूद आहे' म्हणण्यात काही अर्थ नाही. दोन टॅबमधला खरा फरक दिसतो तो त्यांना कामाला जुंपल्यावर. मागे मोठं ॲप इन्स्टॉल होतंय, ब्राउझरमध्ये आठ-दहा पानं उघडी आहेत, चार्जर लावलेला आहे आणि अशा वेळी कीबोर्डवर टाइप केलेलं अक्षर उमटायला किती वेळ लागतो, ते बघायचं.

आधी रिफ्रेश रेटचं बघू, कारण खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात तोच असतो. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एका फ्रेमला, म्हणजे एका चित्राला, १६.७ मिलिसेकंद मिळतात, ९० ला ११.१, १२० ला ८.३ आणि १४४ ला ६.९. हा आकडा स्क्रीन दर सेकंदाला किती वेळा चित्र बदलू शकते एवढंच सांगतो. पुढचं चित्र त्या वेळेत तयार होईल की नाही, हे प्रोसेसर आणि सॉफ्टवेअरवर अवलंबून. हलक्या प्रोसेसरवर १२० हर्ट्झची स्क्रीन बसवली की स्क्रोल क्षणभर लोण्यासारखा चालतो आणि पुढच्याच क्षणी गचके खातो. डोळ्याला हे गचके जास्त खुपतात. त्यापेक्षा एकसारखा ६० देणारा टॅब बरा वाटतो. तुलना करताना दोन्ही टॅबचा बॅटरी सेव्हर बंद आहे ना ते बघा, कारण तो चालू असला की बरेच टॅब गुपचूप ६० वर येतात. सॅमसंगमध्ये 'मोशन स्मूदनेस' ही सेटिंगही तपासा. अँड्रॉइड ११ पासून पुढे डेव्हलपर ऑप्शन्स या सेटिंग्जमधल्या लपलेल्या यादीत 'शो रिफ्रेश रेट' आहे. ते चालू केलं की स्क्रीन त्या घडीला किती हर्ट्झवर चालली आहे ते कोपऱ्यात दिसतं.

डेव्हलपर ऑप्शन्स उघडायचे तर सेटिंग्जमधल्या 'अबाउट टॅबलेट'मध्ये 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टॅप करायचं. तिथे गेलात की सगळ्यात आधी तीन ॲनिमेशन स्केल बघा: विंडो, ट्रान्झिशन आणि ॲनिमेटर. तिन्ही दोन्ही टॅबवर १ एक्स असायला हवेत. एका टॅबवर कुणी ०.५ एक्स करून ठेवलं असेल, तर तोच टॅब दुसऱ्यापेक्षा चलाख वाटेल. प्रत्यक्षात तो अजिबात वेगवान झालेला नसतो, खिडक्या उघडायचा देखावा तेवढा अर्ध्यावर आलेला असतो. घरचा जुना टॅब सुसह्य करायला ही युक्ती चांगली, पण तुलनेत ती फसवते.

टच किती पटकन कळतो, ही वेगळी गोष्ट. टच सॅम्पलिंग रेट म्हणजे काच बोटाची जागा सेकंदाला किती वेळा तपासते, तो आकडा. २४० हर्ट्झ सॅम्पलिंग आणि ६० हर्ट्झची स्क्रीन असा जोड असेल, तर फायदा मर्यादितच. अँड्रॉइड ४.१ पासून, म्हणजे २०१२ च्या 'प्रोजेक्ट बटर'पासून, टचचे निरोप फ्रेमच्या तालावर ॲपला पोचवले जातात. त्यामुळे बोटाची हालचाल चारदा मोजली तरी चित्र एकदाच बदलतं. जाहिरातीतला सॅम्पलिंगचा आकडा एवढा मनावर घेऊ नका.

काचेला बोट लागल्यापासून चित्र हलेपर्यंतचा सगळा उशीर मोजायला उपकरण लागत नाही. चित्र काढायचं कुठलंही साधं ॲप उघडा आणि बोट आडवं ओढा, साधारण सेकंदाला वीस सेंटिमीटर या वेगाने. रेघेचं टोक बोटाच्या मागे एक सेंटिमीटर राहिलं, तर उशीर ५० मिलिसेकंद. दोन सेंटिमीटर राहिलं, तर १००. मायक्रोसॉफ्ट रिसर्चने २०१२ मध्ये खास यंत्र बनवून १०० मिलिसेकंदांपासून १ मिलिसेकंदापर्यंतचा फरक दाखवला होता. १०० ला बोटाखालची वस्तू रबराने बांधल्यासारखी मागून येते, १ ला ती बोटाला चिकटलेली असते. बाजारातले टॅब या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतात.

जास्त नेमकं हवं असेल तर फोनचा स्लो मोशन कॅमेरा वापरा. २४० फ्रेमवर शूट केलं की एक फ्रेम म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. बोट आणि स्क्रीन दोन्ही दिसतील असा फोन टेकवून ठेवा, सेटिंग्जमधलं एखादं बटण चालू-बंद करा आणि बोट काचेला लागल्यापासून बटणाचा रंग बदलायला लागेपर्यंतच्या फ्रेम मोजा. वीस फ्रेम म्हणजे सुमारे ८३ मिलिसेकंद. एका टॅपवरून निष्कर्ष काढू नका. टॅप फ्रेमच्या सुरुवातीला पडला की शेवटी, एवढ्यानेही आकडा एका फ्रेमने इकडे-तिकडे होतो. आठ-दहा टॅपची सरासरी घ्या, आणि सरासरीइतकंच लक्ष सगळ्यात वाईट टॅपकडे द्या. काही फोन ९६० फ्रेमचा दावा करतात, पण बऱ्याचदा मधल्या फ्रेम सॉफ्टवेअरने भरलेल्या असतात. तशा फ्रेम मोजणीला उपयोगाच्या नाहीत.

डेव्हलपर ऑप्शन्समधलं 'पॉइंटर लोकेशन' चालू केलंत तर आणखी बरंच उघडं पडतं. वरच्या पट्टीत डावीकडे 'पी' या अक्षरापुढे किती बोटं ओळखली जातायत ते दिसतं. दहाही बोटं टेकवा. काही स्वस्त टॅब पाचावरच थांबतात. मग फूटपट्टीच्या कडेने एक तिरकी रेघ अगदी सावकाश ओढा. चांगल्या डिजिटायझरवर, म्हणजे टच ओळखणाऱ्या थरावर, ती सरळ येते, कच्च्यावर नागमोडी. आता चार्जर लावून तीच रेघ पुन्हा ओढा, कारण बऱ्याच टॅबचं बिंग इथे फुटतं. कपॅसिटिव्ह स्क्रीन बोटामुळे पडणारा विद्युतभाराचा अगदी सूक्ष्म फरक मोजत असते. हलक्या दर्जाच्या चार्जरमधला विजेचा गोंगाट त्या मोजणीत मिसळतो. मग रेघ थरथरते, मधेच तुटते, कधी कुणी हात न लावता स्क्रीन आपोआप टॅप होते. सोबत आलेल्या चार्जरवर असं झालं तर टॅब परत करा. फक्त दुसऱ्या स्वस्त चार्जरवर झालं तर दोष चार्जरचा. जाड टेम्पर्ड ग्लासमुळेही टच मंदावतो, म्हणून दुकानदाराने काच चिकटवण्याआधीच हे सगळं उरका.

प्रोसेसरच्या बाबतीत 'ऑक्टाकोर' या शब्दावर जाऊ नका. युनिसॉक एससी ९८६३ए मध्ये आठ कोर, म्हणजे हिशेब करणारे आठ भाग, आहेत, पण आठही कॉर्टेक्स ए ५५, म्हणजे बॅटरी वाचवणारे छोटे कोर. युनिसॉक टी ६१८ मध्ये दोन ए ७५ आणि सहा ए ५५. मीडियाटेक हेलिओ जी ९९ मध्ये दोन ए ७६ आणि सहा ए ५५. तिन्ही 'ऑक्टाकोर'च. बोट लागल्यावर स्क्रीन हलवायचं काम मात्र बहुतांशी एकाच धाग्यावर (थ्रेडवर), म्हणजे एका वेळी एकाच कोरवर, चालतं, त्यामुळे एक मोठा कोर किती ताकदीचा आहे यावर सगळं ठरतं. गीकबेंच या वेग मोजणाऱ्या ॲपमध्ये सिंगल-कोरचा आकडा बघा. गीकबेंच ५ आणि ६ चे आकडे एकमेकांशी ताडू नका, दोन्हींची पट्टी वेगळी आहे. तुमचं काम मुख्यतः ब्राउझरमध्ये असेल तर दोन्ही टॅबवर स्पीडोमीटर ३ हा ब्राउझरमध्ये चालणारा चाचणी-कार्यक्रम चालवा. तो वेबपानावरच्या क्लिक आणि टायपिंगला किती चटकन प्रतिसाद मिळतो तेच मोजतो.

बहुतेक टॅबला पंखा नसतो, हे विसरून चालत नाही. पहिल्या मिनिटाचा बेंचमार्क, म्हणजे वेगाच्या चाचणीचा आकडा, हा थंड टॅबचा असतो. थ्रीडीमार्क या ॲपची वाइल्ड लाइफ स्ट्रेस टेस्ट तीच चाचणी वीस वेळा लागोपाठ घेते, वीस मिनिटं. शेवटी सगळ्यात चांगल्या आणि सगळ्यात वाईट फेरीचे आकडे मिळतात. गेम खेळणाऱ्याने आणि तासभर व्हिडिओ कॉलवर बसणाऱ्याने वाईट फेरीचा आकडा बघून टॅब निवडावा. नुसतं वाचन आणि सिनेमे असतील तर ही टेस्ट सोडून दिली तरी चालेल.

आता ज्यावर माहितीपत्रकं गप्प असतात ते: स्टोरेज. वर्षभरात टॅब अडकायला लागतो, तो बहुतेक वेळा प्रोसेसरमुळे नाही, तर स्टोरेज आणि रॅममुळे. स्वस्त टॅबमध्ये ईएमएमसी जातीचं संथ स्टोरेज असतं, बऱ्यापैकी टॅबमध्ये यूएफएस जातीचं वेगवान. ईएमएमसी ५.१ ची वाट सेकंदाला जास्तीत जास्त ४०० मेगाबाइटची आणि तीही एकेरी, म्हणजे वाचणं आणि लिहिणं आळीपाळीने. यूएफएसमध्ये दोन्ही एकाच वेळी चालतं. म्हणूनच मागे ॲप अपडेट होत असताना ईएमएमसीवाल्या टॅबचा कीबोर्ड दोन-दोन सेकंद उघडत नाही. प्रोसेसर रिकामाच असतो, फक्त स्टोरेजकडून उत्तर यायची वाट बघत असतो. स्पेसिफिकेशनमध्ये स्टोरेजचा प्रकार छापलेलाच नसेल, तर ईएमएमसी धरून चाला. ज्याच्याकडे यूएफएस असतं तो बहुधा ते मिरवतोच.

याची परीक्षा सोपी आहे. तीन-चार जीबीची फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात कॉपी करायला लावा आणि ती चालू असताना ब्राउझर उघडून पत्ता टाइप करा, कॅमेरा उघडा, परत ब्राउझरवर या. आधी विमान मोड चालू करून आधीच उतरवलेल्या पानांवर हेच करून बघा, म्हणजे वायफायच्या संथपणाचं खापर टॅबवर फुटणार नाही.

स्टोरेज भरत जाईल तसं लिहिणं मंदावतं, कारण फ्लॅशमध्ये, म्हणजे टॅबच्या स्टोरेज चिपमध्ये, जुनी जागा पुसल्याशिवाय नवं लिहिता येत नाही. गूगलचा २०१२ चा नेक्सस ७ हे याचं गाजलेलं उदाहरण. सुरुवातीला चपळ असलेला हा टॅब भरत गेला तसा रखडायला लागला. जुलै २०१३ मध्ये अँड्रॉइड ४.३ ने रिकाम्या झालेल्या जागेची खबर फ्लॅशला नियमित देणारी ट्रिमची सोय आणली, तेव्हा त्याला थोडा श्वास मिळाला. आजही ३२ किंवा ६४ जीबीचा टॅब घेऊन तो काठोकाठ भरला तर वेगळं काही होत नाही. पंधरा-वीस टक्के जागा कायम मोकळी राहील एवढी क्षमता आधीच घ्या. मेमरी कार्ड लावल्याने फोटो-सिनेमे बाहेर जातात, पण ॲप्सचा वेग त्याने वाढत नाही.

रॅम ४ जीबी असेल तर दोन ॲप्समध्ये ये-जा करताना मागचं ॲप मारलं जातं आणि परत आल्यावर पहिल्यापासून उघडतं. तपासायला एक पीडीएफ, एक ब्राउझर, एक व्हिडिओ ॲप आणि एक नकाशा असं ओळीने उघडा आणि पुन्हा पीडीएफवर या. त्याच पानावर उघडला तर ठीक. पांढरी स्क्रीन येऊन पहिलं पान दिसलं, तर रोजच्या वापरात हेच सोसायचं आहे. '४ अधिक ४ जीबी रॅम' असं लिहिलेलं असेल तर नंतरचे ४ म्हणजे स्टोरेजचाच एक तुकडा आहे, आणि ईएमएमसीवर तो मदतीपेक्षा अडचणच जास्त करतो. सेटिंग्जमध्ये तो बंद करता येत असेल तर बंद करूनही एकदा बघा. आजच्या घडीला अँड्रॉइडसाठी ६ जीबीच्या खाली जाऊ नये, ८ असेल तर उत्तम.

एकाच नावाच्या दोन टॅबमध्येही आत फरक असू शकतो. २०२४ च्या एम ४ आयपॅड प्रोमध्ये २५६ आणि ५१२ जीबीला ८ जीबी रॅम आणि नऊ कोर होते, १ आणि २ टीबीला १६ जीबी आणि दहा कोर. म्हणून रिव्ह्यू वाचताना तिथे कुठली आवृत्ती तपासली आहे ते आधी बघायचं.

पेन वापरणार असाल तर कंपनीचे आकडे जपून घ्या. ॲपलने २०१९ मध्ये आयपॅडओएस १३ सोबत पेन्सिलचा उशीर २० वरून ९ मिलिसेकंदांवर आणल्याचं सांगितलं, तेही तेच हार्डवेअर ठेवून. सॅमसंगने २०२२ मध्ये टॅब एस ८ प्लस आणि अल्ट्रासाठी २.८ चा दावा केला. इतके लहान आकडे येतात ते बरेचसे अंदाजावर: पेन पुढे कुठे जाईल ते ओळखून रेघ आधीच ओढली जाते. ते पकडायचं असेल तर झपाझप टोकदार नागमोडी रेघ काढा. कोपऱ्यावर रेघ जरा पुढे जाऊन मागे फिरताना दिसेल. लिहिण्यासाठी ते चालतं, बारीक चित्रकामात खटकू शकतं. आणि काच व पॅनेल यांच्यामध्ये फट असलेल्या, म्हणजे लॅमिनेट न केलेल्या स्क्रीनवर पेनाचं टोक आणि रेघ यांत अंतर दिसतं. साध्या आयपॅडमध्ये ते आहे. रबरी टोकाचा स्वस्त स्टायलस मात्र टॅबच्या दृष्टीने निव्वळ एक जाडं बोट. त्याला दाब कळत नाही, आणि तळहात टेकलेला वेगळा ओळखणंही त्याला जमत नाही.

मग निवड कशी करायची? साधा आयपॅड ६० हर्ट्झचाच आहे आणि १२० च्या शेजारी ठेवला तर त्याचा स्क्रोल जुनाट वाटतो. पण ॲप उघडणं, टायपिंग, जड पीडीएफ यांत तो ईएमएमसीवाल्या ९० हर्ट्झच्या अँड्रॉइड टॅबला सहज मागे टाकतो. मधल्या फळीतला यूएफएस, ८ जीबी रॅम आणि १२० हर्ट्झ असलेला अँड्रॉइड टॅब दोन्ही बाजू बऱ्या सांभाळतो. रिफ्रेश रेट आणि स्टोरेज यांत एकच निवडायची वेळ आली तर स्टोरेज घ्या, डोळे महिनाभरात ६० ला सरावतात.

ऑनलाइन मागवलात तर पहिल्या दिवशी मत बनवू नका. ॲप्स उतरत असतात, टॅबच्या प्रोसेसरसाठी त्यांचा कोड तयार होत असतो, फोटोंची यादी बनत असते आणि चांगला टॅबही रखडतो. रात्रभर चार्जरवर आणि वायफायवर ठेवा, दुसऱ्या दिवशी एकदा रीस्टार्ट करा आणि मग वरच्या चाचण्या घ्या. परत करायची मुदत आधी वाचून ठेवा, आणि तोवर खोक्याचं सील व स्क्रीनवरची पातळ फिल्म जपा.