सहा फुटी घडीचा रॅम्प: आधी पायरी मोजा

ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत दुकानांची जोती उंच, पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून. म्हणजे पायऱ्या आल्याच, आणि व्हीलचेअरवाल्याची खरेदी फुटपाथवरच संपली. त्यावर तोडगा म्हणून ॲल्युमिनियमचे घडीचे रॅम्प मिळतात. इथे पाहू ते चारपानी (चार फळ्या बिजागरीने जोडलेलं), सहा फुटी मॉडेल: वजन सुमारे १५ किलो, रुंदी अडीच फूट, भार २७० किलोपर्यंत.

आधी गणित. चढ १:१२ हवा, म्हणजे पायरी जितके इंच, रॅम्प तितके फूट. सहा इंचांच्या एका पायरीला हा अगदी बेताचा. दोन पायऱ्यांना चढ १:६ होतो. तिथे स्वतः चाकं ढकलणाऱ्याने जाऊ नये, मागे दमदार माणूस हवा. उतरताना खुर्ची उलटी घ्यायची, पाठ उताराकडे. तीन पायऱ्या असतील तर हा रॅम्प घेऊच नका. विक्रेता "चालतंय हो" म्हणेल. चालत नाही, खुर्ची मागे कलंडते.

घडी मात्र झकास. मिटला की तीन फूट बाय सव्वा फूट, रिक्षात पायाशी मावतो. बिजागरीत बोटं सापडतात, तेवढं जपा.

खरी कुरकुर रॅम्पच्या वरच्या टोकाच्या पट्टीबद्दल. ती किमान दोन इंच जोत्यावर टेकायला हवी. आपल्याकडे जोत्याला गुळगुळीत ग्रॅनाइट, पट्टीखालचं रबर पातळ. दगड ओला असला की चाकांच्या रेट्याने रॅम्प मागे सरकतो. पट्टीला दोन भोकं आहेत. जोत्यात भोकं पाडून त्यांतून खिट्या अडकवल्या की हा प्रश्न मिटतो. खाली पेव्हर ब्लॉक उखडलेले असतील तर एक पान अधांतरी राहून डुगडुगतं. चाकं घसरू नयेत म्हणून वर चिकटवलेली सँडपेपरसारखी खरखरीत पट्टीही कडेने सुटू लागते. पावसाळ्याआधी बदलून घ्या.

आणि दार! रॅम्प चढून वर पोचावं तर काचेचं दार बाहेर उघडतं, थेट गुडघ्यांवर. वर दीड मीटर सपाट जागा नसेल तर कुठलाच रॅम्प कामाचा नाही. दार आत उघडणारं किंवा सरकतं करावं लागतं.

रॅम्प विकत घेऊन सोबत नेण्याचा खर्च गिऱ्हाइकाने का करावा, हा प्रश्न रास्तच. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने इमारती दिव्यांगांना वापरता येण्याजोग्या करणं सक्तीचं आहे, आणि त्यात लोकांचा वावर असलेल्या खासगी इमारतीही येतात. जुन्या इमारतींना नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत होती, ती जून २०२२ मध्ये संपली. पहिल्या उल्लंघनाला १० हजारांपर्यंत दंड, पुढे ५० हजार ते ५ लाख. अशा सोयींची मानकं ऐच्छिक ठेवून चालणार नाही, ती बंधनकारक करा, असं सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ला बजावलं. तरी गल्लीत पक्का उतार बांधलेलं दुकान शोधावंच लागतं.

एका पायरीच्या दुकानाने हा रॅम्प जरूर घ्यावा. पाचपैकी साडेतीन गुण. गोदामात कुलपात नको, काउंटरमागे उभा ठेवा. आणि "रॅम्प उपलब्ध" ही पाटी व बेलचं बटण पायरीच्या खाली लावा, बटण बसल्या हाताला पोचेल एवढ्या उंचीवर. बऱ्याच ठिकाणी दोन्ही वर, दाराशी असतात.