डायर स्ट्रेट्सची गिटार मराठीतून शिकताना: बारा रविवारांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

डायर स्ट्रेट्स या ब्रिटिश बँडची गाणी गिटारवर बसवू इच्छिणाऱ्यांसाठी आखलेला हा बारा रविवारांचा ऑनलाइन अभ्यासक्रम मी गेल्या महिन्यात पूर्ण केला. नऊ जणांची तुकडी, दर रविवारी सकाळी दोन तासांचा वर्ग, बुधवारी रात्री अर्ध्या तासाचे शंकानिरसन आणि 7,200 रुपये शुल्क असे त्याचे स्वरूप आहे. शिकवणी संपूर्णपणे मराठीतून होते. मी वीस वर्षांहून अधिक काळ अकूस्टिक गिटार वाजवते. 2005 साली या बँडचा गायक आणि मुख्य गिटारवादक मार्क नॉफ्लर मुंबईत वाजवून गेला तेव्हा मी प्रेक्षकांत उभी होते, आणि तरीही त्याची गाणी माझ्या हातून कधी त्याच्यासारखी उमटली नाहीत. ती का उमटत नव्हती याचे उत्तर मला या अभ्यासक्रमात मिळाले, म्हणून हे परीक्षण थोडे विस्ताराने लिहीत आहे.

गिटारच्या बहुतेक शिकवण्या डाव्या हातापासून सुरू होतात. कोणत्या तारेवर कितव्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्टीपाशी) बोट ठेवायचे याचे आकडे छापलेला टॅबचा कागद हाती पडतो, विद्यार्थी ते आकडे पाठ करतो, आणि सगळे स्वर बरोबर लागूनही गाणे परकेच वाटते. इथे पहिले तीन रविवार डाव्या हाताला जवळजवळ कामच नव्हते. पहिल्याच वर्गात सरांनी सर्वांना पिक (तारा छेडायची छोटी चकती) बाजूला ठेवायला सांगितले, कारण नॉफ्लर इलेक्ट्रिक गिटारवरही पिक न घेता अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांनी तारा छेडतो, आणि अनामिका व करंगळी गिटारच्या अंगावर टेकवून हाताला आधार देतो. अंगठ्याने छेडलेला स्वर गोल आणि भरीव येतो. तीच तार तर्जनीने किंचित उचलून सोडली की ती फ्रेटवर आपटते आणि स्वराला धार चढते. हे दोन्ही आवाज एकाच ओळीत शेजारी शेजारी आले की गिटार बोलू लागते, काही अक्षरांवर जोर देऊन आणि काही ओठांतल्या ओठांत म्हणून. पिकने वाजवणाऱ्याला हा फरक प्रयत्नाने आणावा लागतो; तीन बोटांनी वाजवणाऱ्याला तो आपोआप मिळतो, मात्र त्यासाठी बोटांना त्याची सवय व्हावी लागते.

त्यासाठी दिलेला व्यायाम अगदी साधा होता. एकच तार आणि एकच स्वर घ्यायचा, आणि तो अंगठा, तर्जनी, अंगठा, मधले बोट या क्रमाने रोज वीस मिनिटे संथ लयीत वाजवायचा. पहिल्या आठवड्यात मला त्याचा उपयोग कळला नाही. तिसऱ्या रविवारी सरांनी प्रत्येकाला आपल्या आवडीची कोणतीही एक ओळ वाजवायला सांगितली, तेव्हा मी कॉलेजपासून वाजवत आलेली ओळ मला स्वतःलाच नव्याने ऐकू आली. नॉफ्लर मुळात डावखुरा आहे, पण गिटार उजव्या हाताच्या वादकांसारखी धरतो; त्यामुळे त्याचा अधिक बळकट हात फ्रेटवर असतो, हेही सरांनी याच सुमारास सांगितले आणि तारा ओढून स्वर चढवण्याचा विषय तिथून पुढे नेला.

गाण्यांची सुरुवात अर्थातच ‘सुलतान्स ऑफ स्विंग’पासून झाली. आधी सरांनी या गाण्याची जन्मकथा सांगितली, आणि ती केवळ रंजनासाठी नव्हती. नॉफ्लरने हे गाणे प्रथम नॅशनल स्टील गिटारवर ओपन ट्यूनिंगमध्ये, म्हणजे तारा मोकळ्या छेडल्या तरी कॉर्ड (एकत्र वाजणारे सुसंवादी स्वर) उमटेल अशा जुळणीत, रचले होते आणि ते त्याला स्वतःलाच निस्तेज वाटत होते. 1977 मध्ये त्याने पहिली स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार घेतली, तिच्यावर तेच गाणे वाजवून पाहिले आणि त्याला नवी कॉर्ड्सची मांडणी सुचली. त्याच वर्षी केलेला डेमो निवेदक चार्ली जिलेट यांनी बीबीसी रेडिओ लंडनवर लावला, आणि 1978 च्या फेब्रुवारीत लंडनच्या बेसिंग स्ट्रीट स्टुडिओत बँडचा पहिला आल्बम ध्वनिमुद्रित झाला. वाद्य बदलल्याने गाणे कसे बदलते हे समजावण्यासाठी सरांनी आम्हाला एकच तुकडा आधी अकूस्टिकवर आणि मग इलेक्ट्रिक गिटारच्या प्रत्येक पिकअपवर (तारांची कंपने टिपणाऱ्या भागावर) वाजवायला लावला. स्ट्रॅटोकास्टरला तीन पिकअप असतात. ब्रिजजवळचा (तारा गिटारच्या अंगावर टेकतात तिथला) आणि मधला हे दोन एकत्र चालू केले की आवाजाचा गाभा हलका होतो आणि वरचे स्वर काचेसारखे स्वच्छ निघतात. ‘सुलतान्स’ची ओळख पटते ती याच आवाजामुळे. जुन्या स्ट्रॅटोकास्टरच्या स्विचला तीनच जागा असत, म्हणून वादक त्याची दांडी दोन जागांच्या मध्ये अडकवून हा आवाज मिळवत. पाच जागांचा स्विच कारखान्यातूनच बसून यायला 1977 मध्ये सुरुवात झाली. मी धाकट्या भावाची स्वस्तातली, त्याच धाटणीची गिटार वापरत होते, आणि तिच्यावरही हा फरक स्पष्ट ऐकू आला. महागडी गिटार नाही म्हणून कोणी या अभ्यासक्रमापासून दूर राहू नये.

चौथ्या ते सातव्या रविवारचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटला. कडव्याच्या सुरुवातीला कॉर्ड्सची उतरण डी मायनर, सी, बी फ्लॅट आणि ए अशी आहे. डी मायनरच्या मूळ स्वरांत सी हा स्वर साधा आहे, पण ए मेजर कॉर्डमध्ये त्याच्या जागी सी शार्प येतो. पेंटॅटॉनिकच्या, म्हणजे पाच स्वरांच्या, एकाच साच्यात फिरणाऱ्या नवशिक्या वादकाच्या हातून हा बदल निसटतो. नॉफ्लर तो निसटू देत नाही. ए कॉर्ड आली की तो त्याच कॉर्डचे स्वर सुटे करून वाजवतो, आणि म्हणून त्याचा सोलो कॉर्ड्सवरून नुसता वाहत न जाता प्रत्येक पायरीवर पाऊल टेकत उतरतो. आमच्या तुकडीत कोल्हापूरच्या एक काकू होत्या, त्या लहानपणी हार्मोनियम शिकलेल्या. त्यांनी हे क्षणात ओळखले. डी हा षड्ज धरला तर इतरत्र कोमल निषाद आहे आणि ए कॉर्डवर शुद्ध निषाद, म्हणजे आसावरी थाटाच्या स्वरांतून किरवाणीच्या स्वरांत जाऊन परत येणे आहे, असे त्या म्हणाल्या. सरांनी तो धागा लगेच उचलला आणि पुढचा अर्धा तास सोलोतली प्रत्येक ओळ आधी सरगम म्हणून गाऊन घेतली. त्यानंतर ती ओळ बोटांत बसायला मला एक संध्याकाळ पुरली. एरवी टॅब पाहून तिला आठवडा लागला असता. हा अभ्यासक्रम मराठीतून आहे याचा खरा लाभ मला त्या अर्ध्या तासात जाणवला.

सोलोच्या अखेरीस येणारी वेगवान तानेसारखी जागा प्रत्येकाला शिकायची असते. ती वरच्या दोन बारीक तारांवर, दहाव्या फ्रेटपासून पुढे, डी मायनर, बी फ्लॅट आणि सी या कॉर्ड्सच्या तीन-तीन स्वरांतून घडते, आणि डाव्या हाताला त्यात फारसे हलावे लागत नाही. गाण्याची लय मिनिटाला सुमारे 148 ठोक्यांची आहे. सरांनी आम्हाला 80 पासून सुरुवात करायला लावली, आणि सलग तीन दिवस एकही स्वर न अडखळता वाजल्याशिवाय पाच ठोकेही वाढवायचे नाहीत असा दंडक घातला. अभ्यासक्रम संपला तेव्हा मी 125 पर्यंत पोहोचले होते. तुकडीतला एक तरुण मूळ लयीत पोहोचला, पण त्याच्या अंगठ्याचे आणि बोटांचे स्वर वेगळे ऐकू येत नव्हते, म्हणून सरांनी त्याला 110 वर परत आणले. मला हा निर्णय योग्य वाटला.

बुधवारचे शंकानिरसन ठरलेल्या अर्ध्या तासात क्वचितच आटोपत असे, कारण या बँडचे चाहते एकत्र आले की जुना वाद निघतोच: 1978 ची स्टुडिओतली ‘सुलतान्स’ श्रेष्ठ, की जुलै 1983 मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियन नाट्यगृहात मुद्रित होऊन ‘अल्केमी’ या आल्बममध्ये आलेली? ‘अल्केमी’च्या बाजूचे लोक टेरी विल्यम्सच्या दमदार ड्रम्सचा, अ‍ॅलन क्लार्कच्या कीबोर्डचा आणि जवळपास दुप्पट लांबीच्या त्या वादनात नॉफ्लरने घेतलेल्या मोकळिकीचा दाखला देतात. मी आधी त्याच बाजूची होते. या बारा आठवड्यांत माझे मत बदलले. स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रणात गायकाच्या प्रत्येक ओळीला गिटार दोन-चार स्वरांत उत्तर देते, सवाल-जवाबात द्यावे तसे, आणि सवाल करणारा व जवाब देणारा एकच माणूस असल्यामुळे त्यात एकही स्वर जागा चुकवत नाही. पिक विदर्स यांचे हलक्या हाताचे ड्रम्स त्या उत्तरांना मोकळी जागा ठेवतात. शिकणाऱ्याने आधी हा संयम आत्मसात करावा आणि मगच 1983 च्या विस्ताराकडे जावे, असे सरांचेही म्हणणे होते, आणि अभ्यासक्रमाची आखणी त्याच क्रमाने आहे. लंडनमध्ये राहणाऱ्या एका सहाध्यायाने या चर्चेत डेप्टफर्डच्या क्रॉसफिल्ड वसाहतीत लावलेल्या फलकाचे छायाचित्र दाखवले. तिथेच 1977 मध्ये बँडचा पहिला कार्यक्रम झाला होता. त्या रात्री मराठी माणसे दोन देशांत बसून एका तारेवरच्या एका ओढीविषयी तासभर बोलत होती, आणि कोणालाही निघायची घाई नव्हती.

उरलेल्या गाण्यांना तुलनेने कमी वेळ मिळाला. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’साठी ओपन जी ट्यूनिंग आणि तिसऱ्या फ्रेटवर कॅपो (सर्व तारा दाबून धरणारा चिमटा) लावून एक वर्ग झाला, मूळ ध्वनिमुद्रणातली 1937 ची धातूची नॅशनल गिटार आपल्यापैकी कोणाकडे असणे शक्य नाही, पण साध्या अकूस्टिकवरही ते गाणे फार सुंदर उमटते. ‘मनी फॉर नथिंग’चा गिटारचा आवाज मॉन्टसेराट बेटावरच्या स्टुडिओत मायक्रोफोन ध्यानीमनी नसताना वेगळ्याच दिशेला वळलेला राहिल्यामुळे मिळाला होता, ही हकिकत सरांनी सांगितली, आणि म्हणून त्या आवाजाच्या मागे न लागता त्यातल्या दाबून छेडलेल्या जोडस्वरांकडे लक्ष द्यायला लावले. ‘ब्रदर्स इन आर्म्स’ मात्र शेवटच्या रविवारी घाईने उरकले गेले. जी शार्प मायनरमधले, लांब श्वासाचे, व्हॉल्यूमच्या हलक्या चढउतारांवर उभे असलेले हे गाणे दोन पूर्ण वर्ग मागते.

आता उणिवांविषयी. मोठी उणीव ऑनलाइन माध्यमातूनच येते, पण तिच्यावर उपाय आहे, आणि तो केला गेला नाही, म्हणून ती इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. इंटरनेटवरून आवाज पोहोचायला सेकंदाचा काही अंश लागतो, आणि त्यामुळे दोन घरांतल्या दोन माणसांना एका लयीत एकत्र वाजवता येत नाही. वर्गात एक जण वाजवतो आणि बाकीच्यांचे माइक बंद असतात. परिणामी या बँडच्या पहिल्या दोन आल्बममधली डेव्हिड नॉफ्लरची रिदम गिटार, जिच्या आधाराने मोठ्या भावाची गिटार मोकळेपणाने बोलू शकते, ती अभ्यासक्रमात केवळ अकराव्या रविवारी आली. आम्हाला सरावासाठी नुसता मेट्रोनोमचा ठोका दिला गेला. बेस, ड्रम्स आणि रिदम गिटार स्वतंत्रपणे वाजवून मुद्रित केलेले साथीचे ट्रॅक पहिल्या आठवड्यातच दिले असते, तर प्रत्येकाला घरी बसून दोन्ही भूमिका वाजवता आल्या असत्या. सोलो उत्तम वाजवणारे पण कोणाच्या साथीला उभे राहू न शकणारे गिटारवादक आपल्याकडे आधीच पुष्कळ आहेत.

दुसरी उणीव छापील कागदांची आहे. दुसऱ्या संचात ए मेजरच्या जागी ए मायनर छापले गेले होते. वरवर पाहता ही एका अक्षराची चूक वाटते, पण त्यामुळे तोच सी शार्प नाहीसा होतो, ज्याच्यासाठी आम्ही चार रविवार खर्च केले. मी लक्षात आणून दिल्यावर दुसऱ्या दिवशी दुरुस्त कागद आला, हे खरे. पण मागच्या तुकडीलाही हाच कागद मिळाला होता असे कळले, आणि त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोहोचवणे ही शिकवणीची जबाबदारी आहे.

प्रवेश घेणाऱ्यांसाठी एक तांत्रिक सूचना. व्हिडिओ कॉलची सुविधा माणसाच्या बोलण्याखेरीजचे आवाज गोंगाट समजून दाबून टाकते, आणि अंगठ्याने वाजवलेले मऊ स्वर सर्वांत आधी नाहीसे होतात. सेटिंगमध्ये जाऊन आवाज मूळ स्वरूपात पाठवण्याचा पर्याय सुरू केल्याशिवाय सरांना तुमचा उजवा हात ऐकूच येणार नाही. मला हे दुसऱ्या आठवड्यात समजले. खरे तर ते प्रवेशाच्या पत्रातच लिहिलेले असायला हवे.

ज्यांना बार कॉर्ड्स (एका बोटाने अनेक तारा दाबून वाजवायच्या कॉर्ड्स) नीट लागतात आणि मेट्रोनोमबरोबर पाच मिनिटे सलग वाजवता येते, त्यांनी हा अभ्यासक्रम अवश्य घ्यावा. अगदी नव्याने गिटार हाती घेणाऱ्यांना पहिले तीन आठवडे जड जातील आणि त्यानंतरचे समजणार नाहीत. पुढची तुकडी जूनमध्ये सुरू होत आहे. साथीच्या ट्रॅकची विनंती मी लेखी पाठवली आहे आणि ते तयार करण्याचे सरांनी मान्य केले आहे. ते आले तर रिदम गिटारसाठी मी पुन्हा नाव नोंदवणार आहे.